शेंदरी फुलांचा टी-सेट

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज पुन्हा एक टी-सेट घेतला. आता घेणार नाही असं संक्रांतीला स्वतःलाच बजावलं होतं, ते महिनाभरही टिकलं नाही.

वाशिमहून हिंगोलीला घरी परत येताना कनेरगाव नाक्यावर गाडी थांबवायला लावली. तिथे ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जळबा जुनं सामान विकतो. बंद घड्याळं, पितळी समया, कुणाकुणाच्या आजोबांचे चौकटीतले फोटो. मला पाहिलं की दुसरं गिऱ्हाईक सोडून येतो. "बाई, तुमच्यासाठीच ठेवलं हाय. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई." दर वेळी हेच म्हणतो आणि दर वेळी मला ते खरं वाटतं.

गोणपाटातून त्याने एकेक वस्तू काढली. सहा कप, सहा बशा, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं आणि एक भली मोठी किटली. हिंगोलीला छावणी होती तेव्हाच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातला सेट, असं त्याचं म्हणणं. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर शेंदरी फुलं. बाहेरून आहेतच, पण आतूनही, थेट कपाच्या तळापर्यंत. चहा संपत येईल तसं फूल वर येणार.

"इतका ताजा रंग कसा रे राहिला?"

"उडाला व्हता बाई. माझा साडू मूर्त्या रंगवतो. त्यानं नवा रंग देऊन भट्टीत भाजून दिला. पाहा कसा लखलखून राहिला."

जुन्या वस्तूवर कुणी एवढी माया करतं हे ऐकून मला भरून आलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सेट कोमट पाण्यात धुऊन काचेच्या कपाटात मांडला. वरच्या फळीवर माझ्या नऊ बाहुल्या, खाली हा. आधीचे चार सेट मागे सरकवले.

सिकंदराबादला आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या खोलीत एक चिनी मातीची बाहुली होती. आडवी केली की डोळे मिटायची. आठवड्यात जिचं वागणं सगळ्यांत चांगलं, तिला रविवारी तासभर ती मांडीवर मिळायची, आणि सोबत सिस्टरांच्या कपातून लिंबू पिळलेला कोरा चहा. नऊ वर्षांत मला तो मान एकदाही मिळाला नाही. काय चुकायचं ते अजून कळलेलं नाही. चार वाजताचा लिंबाचा चहा मात्र मी तेव्हापासून सोडला नाही. आमचे हे, विश्वंभर, होते तेव्हा चिडवायचे, "तुझं कपाट म्हणजे दिवाणी दावा आहे, कधी निकाली निघायचं नाही." त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दावा चालूच आहे.

जनकाबाई कपाट पुसता पुसता म्हणाली, "बाई, ह्या भावल्या रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून काय पाहून राहिल्या?"

"तुझं काम नीट होतंय की नाही ते."

"मग पगार बी त्यांनीच द्यावा."

सतरा वर्षं आहे ती माझ्याकडे. घरचीच म्हणायची. तिचा स्टीलचा ग्लास आणि वाटी मोरीच्या खिडकीत असते, तिथून घेते, प्यायली की विसळून तिथेच ठेवते. कधी सांगावं लागत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

अनुश्री आली.

माझ्या धाकट्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. बहीण जाताना माझा हात धरून म्हणाली होती, "अनूचं बाळंतपण तू करायचंस." ते वचन दोनदा वाया गेलं. पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वेळी चौथ्यात. या वेळी पाचवा लागला आहे. तिचा नवरा चिन्मय कंपनीच्या कामाने ऑगस्टपर्यंत जर्मनीत, तिच्या सासूबाईंचं माकडहाड मोडलेलं. म्हणून पुण्याहून इथे, माझ्याकडे.

मला मूल झालं नाही. या वयात घरात मुलाचं रडणं ऐकायला मिळणार असेल तर ते मी जराशाही हलगर्जीपणाने घालवणार नाही. नवा सेट कपाटातून काढला. तिच्यासाठी काढणार नाही तर कुणासाठी?

८ मार्च, शनिवार

आंबटाचे डोहाळे. चिंचेचं पन्हं तिला दिवसातून चार वेळा लागतं. गूळ घालून, जिरेपूड घालून. मी ते सकाळी पातेल्यात करते. जनकाबाईचं आधी तिच्या ग्लासात ओतून ठेवते आणि बाकीचं शेंदरी किटलीत भरून फ्रिजमध्ये. चिनी मातीत आंबट कळकत नाही, हे मला आईनेच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तर ते जास्तच मुरतं. चार वाजता आम्ही दोघी व्हरांड्यात बसतो. त्याच शेंदरी कपांतून ती पन्हं पिते, मी माझा लिंबाचा चहा. सिस्टरांच्या खोलीतला रविवार मला पन्नास वर्षांनी का होईना मिळाला.

आज अनूने एका कपात पन्हं भरून जनकाबाईपुढे धरलं. "जनकामावशी, बसा ना आमच्यासोबत."

"नको ताई. मला माझाच गिलास बरा."

ती गेल्यावर अनू मला म्हणाली, "मावशी, त्यांचा ग्लास मोरीच्या खिडकीत का?"

"सासूबाईंच्या वेळेपासूनची पद्धत. तिलाच ते बरं वाटतं, ऐकलंस ना आत्ता?"

अनूने भरलेला कप परत ठेवला. पुण्याच्या मुलींना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी जनकाबाईच्या मदतीने उभारली. अनूला उठवेना. सहावा महिना, ऊन चाळिशीला टेकलेलं, थकवा यायचाच. श्रीखंडही खाल्लं नाही. "तोंडाला जुना पैसा चघळल्यासारखी चव येते," म्हणाली. मी तिला पन्ह्याचा आणखी एक कप दिला, तोंडाची चव जावी म्हणून.

एक छोटी गोष्ट. अनूच्या कपातलं तळाचं फूल विटलं आहे. बाहेरची फुलं तशीच ठळक, आतलं मात्र पुसट. सतत वापरल्याने असेल. मला उगाच वाटलं की तिने ते पिऊन टाकलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. जनकाबाई सुट्टीवर. तिला मी दरवर्षी साडी देते, या वर्षी जांभळी दिली. दुपारी नवी साडी नेसून मुद्दाम दाखवायला आली आणि स्टीलचा डबा भरून खीर आणली. "ताईसाठी. सातवा लागंल आता, गोड खाऊ द्या."

अनूचं पोट आधीच नाजूक झालंय, चार दिवस साफ होत नाही. बाहेरचं नको म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

डबा घासून परत दिला.

"आवडली का?"

"खूप," मी म्हणाले.

ती खूश झाली. एवढ्याशा खोट्याने कुणाला आनंद होत असेल तर काय बिघडलं? सिस्टर मात्र याला पाप म्हणाल्या असत्या.

२२ एप्रिल, मंगळवार

पोटात कळा. आतून पिळवटल्यासारख्या, येतात आणि जातात. मी घाबरून इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाळाचे ठोके चांगले. रक्त फार कमी. "या भागात दहापैकी सात जणींचं कमीच असतं," म्हणाल्या आणि लोहाच्या गोळ्या वाढवून दिल्या. आंबट खाल्लं की लोह अंगी लागतं, असंही म्हणाल्या. त्याने मला धीर आला. म्हणजे आपलं बरोबर चाललंय. आता बाजारात कैऱ्याही आल्या आहेत.

माझंही पोट दुखतं, पण चौसष्टाव्या वर्षी पोट दुखलं तर त्यात लिहिण्यासारखं काय?

३ मे, शनिवार

आज सकाळी अनू काचेच्या कपाटासमोर उभी होती. गालावर रंगाचा टिपूस नाही, आणि तिच्या डोक्यावर त्या नऊ बाहुल्यांचे गुलाबी गाल.

"मावशी, या माझ्याकडेच बघतात गं."

जनकाबाई भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "मी कवाच सांगून राहिले. पोटुशीसमोर असलं डोळे फाडून पाहनारं काही ठेवू न्हाई. तोंडं फिरवा त्यांची."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली, नजरबिजर मानत नाही. तरी नऊही बाहुल्या उतरवल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकल्या. माझ्या हातांनी. कपाटाची वरची फळी रिकामी झाली. खाली फक्त टी-सेट राहिले, सगळ्यांत पुढे शेंदरी. आता घरात काही वाईट उरलं नाही, असं वाटून बरं वाटलं.

संध्याकाळी अनूच्या हातातून वाटी निसटली. मनगटात जोरच नाही, म्हणाली. मलाही आज "किसणी" हा शब्द आठवेना. जनकाबाईपुढे नुसते हातवारे करत राहिले. तिने किसणी, चाळणी, सांडशी एकेक करून पुढे केली. "बाई, आता काय समदी भांडी इचारता?" आम्ही दोघी खूप हसलो. नंतर मला हसू आलं नाही.

१५ मे, गुरुवार

नांदेड. डॉक्टरीणबाईंनीच चिठ्ठी दिली. रक्त वाढतच नाही, म्हणाल्या, गोळ्यांचा उपयोग दिसत नाही.

तिथले डॉक्टर रत्नपाल तिशी-पस्तिशीचे. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. फार शांतपणे तपासतात. अनूचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी बारीक निळसर रेघ आहे, आम्हाला कधी दिसली नव्हती. मग रक्ताचा थेंब काचेवर घेऊन स्वतः यंत्रात पाहिला आणि म्हणाले, "रक्ताच्या पेशींवर निळे ठिपके आहेत." माझ्या दुसऱ्या सेटवर तसेच आहेत, पांढऱ्यावर निळे ठिपके. मी ते बोलून दाखवलं असतं, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसले.

रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. माझंही घेतलं.

२१ मे, बुधवार

डॉक्टरांचा फोन. अनूच्या रक्तात शिसं आहे. थोडंथोडकं नाही. माझ्याही आहे.

शिसं! ते बंदुकीच्या गोळीत असतं. आमच्या घरात कुठून येणार?

त्यांनी फोनवर एकेक विचारलं. भिंतीचा जुना रंग खरवडला का? नाही. वैदूची भस्मं? नाही. सुरमा, कुंकू, शेंदूर? देवाला शेंदूर आहे. सुटी हळद? आहे. मातीची रंगवलेली भांडी? "छे हो, आमच्याकडे माठसुद्धा साधा आहे," मी म्हणाले. रंगवलेलं भांडं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर यात्रेतली भांडी आली.

"घरात आणखी कोण असतं?"

"जनकाबाई, आमच्या कामाला. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत इथेच."

"त्यांना काही त्रास?"

"काही नाही. खडखडीत आहे."

"त्यांचं खाणंपिणं वेगळं आहे का?"

मी म्हणाले, "छे, आमच्याकडे तसलं काही नाही. जे आम्ही खातो तेच ती खाते. घरचीच आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?"

"नक्की."

खोटं काय बोलले? एकाच पातेल्यातलं सगळं असतं.

शेंदूर आणि हळद गोळा करून फेकली. तिखट, मसाले सगळे नवे आणले. अनूला सांगितलं, आता विष गेलं घरातून. तिने पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "आणि याच्या आतून?"

मी तिला पन्हं दिलं.

२५ मे, रविवार

अनूला सारखी ओकारी. तिला फक्त थंडगार कैरीचं पन्हं राहतं, दुसरं काही नाही. दिवसभरात किटली रिकामी केली. किटलीत हात घालून घासताना तळ खडूसारखा खरखरीत लागला. पूर्वी काचेसारखा होता.

२९ मे, गुरुवार

हे नीट लिहून ठेवायचं आहे.

अनूला आधार द्यायला आज जनकाबाईला सोबत नेलं. डॉक्टर रत्नपालांनी नवा कागद समोर ठेवला. "कमी व्हायला हवं होतं. वाढलंय. म्हणजे अजून पोटात जातंय. रोज." मग माझ्याकडे न पाहता ते जनकाबाईकडे वळले आणि आमच्याकडच्या बोलीत बोलले, "मावशी, तुमाला पोटाची तकलीफ? हातपाय गळतात?"

"न्हाई बाप्पा. मी तं दोन भाकरी खाऊन दिसभर उभी राहते."

"ह्यांच्याकडंच जेवता?"

"व्हय. ह्या खातात तेच."

"त्याच भांड्यातलं?"

"पातेलं तेच." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असती तर ती गप्प बसली असती, हे मला माहीत होतं आणि तिलाही. माझी मान हलली की नाही ते मला आत्ता आठवत नाही. मग ती म्हणाली, "गिलास माझा न्यारा हाय. वाटी बी. मोरीच्या खिडकीत असती."

"कशाचा गिलास?"

"स्टीलचा."

"आन् ह्यांचा?"

"ह्यांचे ते फुलाफुलाचे कप. जुने. पन्हं आधी माझ्या गिलासात काढतात, मग उरलेलं त्यांच्या किटलीत. तिथंच रातभर मुरत राहतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आठ दिवसांपूर्वी मी हेच विचारलं होतं," ते मला म्हणाले. आवाज चढवला नाही. मग विचारलं, "ग्लास वेगळा का आहे?"

मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. अनू माझ्याकडे बघत होती. शेवटी जनकाबाईच म्हणाली, "ते मोठ्या बाईंच्या टायमापासून हाय साहेब. आमच्या बाई वाईट न्हाईत."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

अनूला तिथेच दाखल करून घेतलं. मी किटली आणायला घरी आले. लिंबाची फोड आतून फिरवून कापसाने पुसली. कापूस शेंदरी झाला.

तीन महिने ते फूल मी तिला पाजत होते. आणि त्यातले शेवटचे आठ दिवस केवळ एवढ्यासाठी, की एक वाक्य मला म्हणवलं नाही.

३० मे, शुक्रवार

एक कप तपासणीसाठी नांदेडला दिला. बाकीचे मागच्या अंगणात नेले. बारशाच्या पत्रिकेसोबत पेढे ठेवायला घेतलेली वेताची परडी होती, तिच्यात भरून. जळबाला परत द्यावेत असं मनात आलं होतं.

"त्याला देऊ नका," जनकाबाई म्हणाली. "भंगारात बी न्हाई. कुनाच्या तरी घरात जातील आन् तिथं बी लेकरू असंल."

जळबाला फोन करून सांगितलं, साडूच्या हातचं दुसरं काही असेल तर विकू नकोस. "बाई, त्याचे बी हात कापून राहिले दोन सालापासून," तो म्हणाला. "आमाला वाटलं, दारू."

जनकाबाईने पोत्यात भरून वरवंट्याने फोडायला घेतले. मी म्हणाले, "तू हात लावू नकोस, विष आहे."

"बाई, इतके दिस मीच धुतले की. धुवायला चालत व्हते."

तिच्या आवाजात काही नव्हतं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. वरवंटा मी घेतला. पहिला कप फुटेना, मनगटात जोर नव्हता. दुसऱ्या घावाला फुटला.

११ जून, बुधवार

मुलगी झाली. सात आठवडे आधी. वजन पावणेदोन किलो.

काचेच्या पेटीत आहे. अंगावर नळ्या, नखं तांदळाच्या कणीएवढी, गाल पांढरे. मी बाहेरच्या काचेला नाक लावून उभी राहिले. आयुष्यभर काचेमागे ठेवून ज्यांच्याकडे बघत आले, त्यांतली एकही अशी नव्हती. हिने डोळे मिटलेले होते. उघडेना. तासभर उघडले नाहीत.

तिच्या रक्तातही शिसं आहे. नाळेतून गेलेलं.

डॉक्टर रत्नपालांना विचारलं, "बरी होईल ना?"

"जगेल," ते म्हणाले. "बाकीचं आत्ता सांगता येणार नाही. बसते कधी, बोलते कधी, बोललेलं समजतं का. दोन वर्षं, तीन वर्षं बघत राहायचं."

"ते आठ दिवस नसते तर?"

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं. मी त्यांच्या जागी बोलले असते. "थोडा फरक पडला असता," ते म्हणाले.

चिन्मय आला आहे. माझ्याशी नीट बोलतो, "मावशी, तुम्ही जेवलात का?" वगैरे. पण मी दिलेला चहा आधी हुंगतो.

१८ जुलै, शुक्रवार

आज बाळ घरी आलं. अनूला पुण्याला जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला नांदेडला दाखवायचंय, तेव्हा सध्या इथेच. म्हणून आली, माझ्यासाठी नाही. बारसं केलेलं नाही. नाव विचारलं तर अनू म्हणते, "आधी ती हाकेला वळू दे."

अजून वळत नाही. महिन्याभराचं बाळ, कुठून वळणार? पण मी जाता-येता हळूच टाळी वाजवून बघते. अनू बघत नाहीये असं पाहून.

अनूच्या अंगातलं शिसं उतरेपर्यंत तिचं दूध द्यायचं नाही. वरचं दूध वाटी-चमच्याने. मी माझं लोखंडी कपाट उघडलं, बहिणीने दिलेली चांदीची वाटी काढली, आणि तिच्या काठावरचं मीनाकाम बघून परत ठेवली. काचेची काढली, तीही ठेवली. नवी स्टीलची आणली होती, तिच्या तळाचा कारखान्याचा शिक्का बघून तीही मला नकोशी झाली. दूध निवत होतं, बाळ कुरकुरत होतं, आणि माझ्या घरात एकाही भांड्यावर माझा भरवसा उरलेला नव्हता.

मग मी मोरीच्या खिडकीपाशी गेले. जनकाबाई तिथेच भांडी विसळत होती.

"जनकाबाई, तुझी वाटी देशील? बाळासाठी."

तिने माझ्याकडे पाहिलं. पाणी बंद केलं. सतरा वर्षांची वाटी, एका बाजूला चेपलेली, घासून घासून आरसा झालेली. राखेने पुन्हा एकदा घासली, उकळत्या पाण्यातून काढली, स्वच्छ फडक्याने पुसली. काही घाई केली नाही. मग दोन्ही हातांत धरून उभी राहिली. पुढे केली नाही.

"देते बाई. लेकराला न्हाई म्हननार न्हाई. फक्त येक सांगा." तिचा आवाज नेहमीचाच होता. "लेकरू प्यालं की ही वाटी ठेवायची कुठं?"

आतून बाळाच्या रडण्याचा बारीक आवाज येत होता. अनू दारात येऊन उभी होती.

"मांडणीत," मी म्हणाले. "सगळ्या भांड्यांत. आणि तुझा ग्लासही."

हे मी म्हणाले, हे खरं आहे. पण म्हणायला मला वेळ लागला. फार नाही, चमचाभर दूध बाळाच्या घशाखाली उतरायला लागतो तेवढा. तो वेळ जनकाबाईने पाहिला.

तिने वाटी माझ्या हातात न देता अनूच्या हातात दिली आणि नळ पुन्हा सोडला.